चंपाताईंचा डबा बीममध्ये

परळच्या विज्ञान संशोधन संस्थेतल्या तळमजल्यावरच्या खोलीतून लाकडी पेटी बाहेर पडली तेव्हा चंपाताई साळवे तिच्यामागून फाटकापर्यंत चालत गेल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, “खड्डा आला की हळू घ्या हां. आत काच आहे.” ड्रायव्हर म्हणाला, “ताई, मुंबईत खड्डा आला की म्हणजे काय? खड्ड्यातच रस्ता येतो अधूनमधून.” तरी त्याने गाडी जपून काढली.

पेटीत होता डिटेक्टर. संस्थेत त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण चंपाताईंच्या चाळीत सगळे त्याला डबाच म्हणत, आणि हळूहळू चंपाताईही म्हणू लागल्या होत्या. त्यांचे वडील राजाराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांनी मुलीला बजावलं होतं, “साच्यावर नको, मीटरवर काम कर.” चंपाने आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि तेविसाव्या वर्षी संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागली. आता साठीला महिना-दीड महिना उरला होता. जूनअखेर निवृत्ती.

या वेळचा डबा वैदेहीचा होता. वैदेही गिरगावची, एकतीस वर्षांची, संशोधक. बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरायची. डबा म्हणजे दोन काचा, मधे दोन मिलिमीटरची फट, फटीतून वाहणारा वायू आणि काचांना दहा हजार व्होल्ट. अणूहून बारीक असा एखादा कण आरपार गेला की फटीत बारीकशी वीज चमकते आणि डबा सांगतो, गेला एक. असे डबे नवे नाहीत. पण साधी काच एका चमकेनंतर सावरायला वेळ घेते. कणांचा मारा वाढला की ती दमते आणि पुढचे कण सुटून जातात. वैदेहीने दोन वर्षं खपून वेगळ्या प्रकारची काच आणली होती. नखाएवढ्या जागेवर सेकंदाला दहा हजार कण आदळले तरी ती दमणार नाही, असं तिचं म्हणणं. ते खरं की खोटं हे मुंबईत कळणं शक्य नव्हतं. मुंबईत आकाशातून येणारे चुकार कण तेवढे मिळतात. खरा मारा जिनिव्हाला. तिथल्या प्रयोगशाळेत कणांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवतात आणि त्यांची एक धार बाहेर काढून पाहुण्यांच्या डब्यांवर सोडतात. त्या धारेला बीम म्हणतात. वैदेहीच्या वाट्याला बीमचे पाच दिवस आले होते.

त्यातला पहिला दिवस नेमका बुद्धपौर्णिमेचा. संस्थेला सुट्टी. चंपाताईंची मुलगी प्रिती, लोअर परळच्या एका टॉवरमध्ये नोकरी करणारी, घरात खीर ढवळत होती. साडेअकराला चंपाताईंचा फोन वाजला. जिनिव्हात सकाळचे आठ. पडद्यावर वैदेहीचा चेहरा, केस विस्कटलेले, मागे केबलींचं जंगल.

“चंपाताई, सत्त्याण्णव!”

“काय सत्त्याण्णव?”

“शंभर कण गेले तर त्यातले सत्त्याण्णव पकडतोय आपला डबा!”

“आणि बाकीचे तीन?”

वैदेही खळखळून हसली. “ते सगळ्यांचेच सुटतात हो. आज मारा कमीच ठेवलाय. उद्या वाढवणार. खरी परीक्षा उद्या.”

प्रितीने फोनसमोर खिरीचं पातेलं धरलं. “वैदेहीताई, तुमच्या वाटची मी खाते.” वैदेही म्हणाली, “खा गं बाई, इथे ब्रेडवर दिवस काढतेय मी.”

फोन ठेवेस्तोवर बातमी गॅलरीभर झाली होती. तळमजल्यावरच्या कमलाबाई, सत्तरी उलटलेल्या, जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडल्या, “चंपा, पास झाला का गं डबा?”

“तोंडी झाली, काकी. लेखी उद्या!”

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या छोट्या हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्यासमोर चंपाताई बसल्या होत्या, आणि शेजारी गटाचे प्रमुख रमाकांत सर. रमाकांत सर पंचावन्नचे, सज्जन, पण वाईट बातमी आधीच गृहीत धरून चालणारे. पडद्यावर आलेख चढत होता. मारा एक हजार: शहाण्णव. तीन हजार: अठ्ठ्याऐंशी. सर पुढे सरकून बसले. दहा हजार: एकाहत्तर.

पलीकडून वैदेहीचा आवाज आला. “परत कमी करून बघते.” मारा कमी केला. सत्त्याण्णव. पुन्हा वाढवला. एकाहत्तर.

“काच दमतेय,” रमाकांत सर हळूच म्हणाले. “जुन्या काचेसारखीच वागतेय.”

“सर, वायू ठीक आहे. व्होल्टेज दहा हजारच दाखवतंय, जराही हललेलं नाही. तापमान ठीक. मला दुसरं काही सापडतच नाहीये.”

“मग काचच. वैदेही, वाईट वाटून घेऊ नकोस. चालली नाही हेही शास्त्राला कळायला लागतंच.”

वैदेहीने मान हलवली. चंपाताईंना तो चेहरा बघवेना. ही पोरगी दोन वर्षं रोज त्यांच्या टेबलाशी येऊन ‘ताई, ही काच एकदा चालली ना’ असं म्हणत बसायची.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“खाल्लं काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे?”

“चॉकलेट.”

“ते जेवण नाही. आधी जेव. डबा कुठे पळून जात नाही.”

चंपाताई घरी चालत आल्या. एकाहत्तर हा आकडा डोक्यातून जाईना. डबा कमी माऱ्यात उत्तम चालतो. मारा वाढला की पडतो. मारा कमी केला की लगेच उभा. काच खरंच दमली असेल तर आपण काय करणार? काच काही आपण ओतली नाही. पण डब्याचं बाकी सगळं, प्रत्येक जोड, प्रत्येक तार, आपल्या हातची होती.

सकाळी साडेपाचला पाणी आलं. चंपाताई तिसऱ्या मजल्यावर. नळ सोडला, चांगली धार आली, हंडा अर्धा भरला आणि धार करंगळीएवढी झाली. रोजचंच होतं. सगळ्या मजल्यांवर नळ सुटले की वरच्यांचे असेच हाल. त्यांनी गॅलरीतून खाली वाकून विचारलं, “काकी, खाली पाणी कसंय?”

“खाली फुल्ल आहे गं!” कमलाबाई म्हणाल्या. “तुमच्या मजल्याचा पाइपच बारीक, त्याला मी काय करू?”

चंपाताई हंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. खाली दाब पूर्ण. वर कमी. पण कधी कमी? पाणी वाहायला लागलं की. नळ बंद असताना वरही दाब पूर्णच असतो. आणि खाली उभं राहून कितीही बघितलं तरी कळणार नाही, कारण खाली सगळं फुल्ल.

वैदेही म्हणाली होती, व्होल्टेज दहा हजारच दाखवतंय. पण दाखवतंय कुठे? वीज पुरवणाऱ्या यंत्रावर. म्हणजे तळमजल्यावर! यंत्रापासून काचेपर्यंत वीज एका छोट्या पेटीतून जाते. त्या पेटीत एक रेझिस्टर असतो, वीज एकदम उसळू नये म्हणून लावलेला. म्हणजे बारीक पाइपच. डब्याला अशा दोन पेट्या, एकेका काचेला एक. त्यातला पाइप हवा त्याहून बारीक असेल तर? कण कमी तोवर वीजही कमी वाहते, काही कळत नाही. मारा वाढला की वीज वाहू लागते आणि काचेपाशी दाब कमी पडतो.

“प्रिती, बाकीचा हंडा तू भर. मी निघाले.”

“आई, सहा पण वाजले नाहीत!”

“चहा तिकडे घेईन.”

संस्थेच्या फाटकावर दौलत होता, रात्रपाळी संपत आलेला वॉचमन. त्याने डोळे चोळत खोली उघडून दिली. चंपाताईंनी कपाटातून जादाची पेटी काढली. जिनिव्हाला गेलेल्या दोन पेट्या आणि ही तिसरी, तिन्ही त्यांनी एकाच दुपारी, एकाच बैठकीत बांधल्या होत्या. झाकणाचे चार स्क्रू काढले, मीटरच्या सुया लावल्या.

रेझिस्टरचा अडथळा एक मेगाओहम असायला हवा होता. मीटर म्हणाला दहा.

त्यांनी सुया पुसल्या, परत लावल्या. दहा. शेजारच्या खोलीतून दुसरा मीटर आणला. दहा. मग त्यांनी भिंग घेऊन रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे पाहिले. अशा रेझिस्टरवर किंमत रंगांनी लिहिलेली असते. तपकिरी, काळा आणि तिसरा हिरवा असेल तर एक. तिसरा निळा असेल तर दहा. त्यांना तिसरा पट्टा हिरवा दिसत होता. चक्क हिरवा.

“दौलत, जरा इकडे ये रे.”

“काय झालं, ताई?”

“हा तिसरा पट्टा कुठल्या रंगाचा?”

दौलतने वाकून पाहिलं. “निळा.”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय की. निळा आहे. आपल्या गणवेशाच्या शर्टासारखा.”

चंपाताईंनी दौलतच्या शर्टाकडे पाहिलं. त्यांना तो शर्ट वर्षभर हिरवटच वाटत आला होता. त्या स्टुलावर बसल्या. छत्तीस वर्षं त्या पट्टे वाचत आल्या होत्या, आणि प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजतही आल्या होत्या. त्या दुपारी मात्र मोजला नव्हता. पेटी रवाना व्हायची घाई होती, मीटर शेजारच्या खोलीत गेलेला, आणि मनात आलं होतं, हिरवा दिसतोय ना डोळ्यांना, बास.

“ताई, चहा आणू का?” दौलतने विचारलं.

“आण. साखर जास्त टाकून आण.”

रमाकांत सर दहाला आले. चंपाताईंनी पेटी, मीटर, भिंग सगळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. सरांनी चष्मा वर केला, पट्टा पाहिला, मीटर पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग संकोच.

“म्हणजे काच बरी असू शकते! पण चंपाताई, अकराच्या मीटिंगला बाहेरचे दोन गट असणार. आपण एवढंच म्हणू की रेझिस्टर चुकीचा आला होता. दुकानाकडून सरमिसळ होतेच कधीकधी. कोणी जास्त विचारणार नाही.”

“दुकानाचं नाव कशाला, सर? त्यांनी दोन पुड्या वेगळ्या दिल्या होत्या. ड्रॉवर माझा, हात माझा.”

“दीड महिन्यावर निवृत्ती आलीय तुमची. कशाला उगाच…”

“म्हणूनच. आता खोटं बोलले तर ते दुरुस्त करायला वेळ पण नाही उरला.”

सर हसले.

मीटिंगमध्ये चंपाताई इंग्रजीत बोलल्या. त्यांचं इंग्रजी परळचं होतं, सरळ होतं. मी रंग चुकीचा वाचला, मोजलं नाही, चूक माझी, तुमच्याकडच्या दोन्ही पेट्यांत बहुतेक दहाचा रेझिस्टर आहे, उघडून मोजा. पडद्यावरचा वैदेहीचा चौकोन एकदम उसळला.

“थांबा थांबा! मारा वाढला की चाळीस मायक्रोअँप वीज जात होती. दोन पेट्या, प्रत्येकी दहा मेगाओहम… चंपाताई, आठशे व्होल्ट! आठशे व्होल्ट वाटेतच खातोय तो! काचेला दहा हजार मिळतच नव्हते! सर, काच दमली नव्हती, उपाशी होती!”

“ओरडू नकोस,” सर म्हणाले, पण तेही उभे राहिले होते.

पेट्या काढायच्या तर बीम थांबवावा लागतो, जाड भिंतींआडच्या जागेचं कुलूप उघडावं लागतं, आणि त्याच धारेत पुढे उभे असलेल्या गटांचीही परवानगी लागते. तिथल्या दुपारी दीड वाजता पाऊण तास मिळाला. म्हणजे इथे पाच. शेजारच्या गटातल्या एका जर्मन आजोबांनी आपल्या ड्रॉवरमधून एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर काढून दिले. पण ते डाग देऊन बसवायचे कोणी? वैदेहीने सोल्डरिंग आयुष्यात दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा बोट भाजून घेतलं होतं.

“फोन उभा कर,” चंपाताई म्हणाल्या. “कशाला तरी टेकव. मला तुझे हात दिसले पाहिजेत, तोंड नाही दिसलं तरी चालेल.”

फोन उभा राहिला. पडद्यावर वैदेहीचे हात दिसू लागले.

“आधी मोज. जुना किती?”

“दहा. खरंच दहा.”

“नवा किती? रंग नको सांगूस. मीटर लाव.”

“एक पॉइंट शून्य एक. दुसरा… शून्य पॉइंट नव्व्याण्णव.”

“बरोब्बर. आता सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पूस. हां. आधी जागा गरम कर, मग टिनची तार. उलट नको. सावकाश… टिन लाव… काढ आता. फुंकू नकोस!”

“फुंकणारच होते.”

“माहितीये मला. सगळ्यांना फुंकावंसं वाटतं. आपोआप थंड होऊ दे. कसा दिसतोय डाग?”

“जरा टोकदार आलाय.”

“मग परत. टोक राहिलं तर दहा हजार व्होल्ट तिथूनच उडी मारतील. मोत्यासारखा गोल हवा.”

तिसऱ्या प्रयत्नाला मोती जमला. दुसऱ्या पेटीला दोनच प्रयत्न लागले. मागून जर्मन आजोबांनी विचारलं की फोनवर कोण आहेत, आणि वैदेही म्हणाली, “माझ्या गुरू.” चंपाताईंनी ते ऐकलं, पण त्यांचं लक्ष शेवटच्या स्क्रूकडे होतं. “तो चौथा स्क्रू पण लाव. तीनवर काम भागवायचं नाही.”

सहाला बीम परत सुरू झाला. हॉलमध्ये आता गर्दी होती. हिशेबखात्यातले दोघं आले होते, प्रिती ऑफिसमधून थेट आली होती, आणि दौलत आपली पाळी नसताना दारात उभा होता.

एक हजार: सत्त्याण्णव.

तीन हजार: शहाण्णव.

“घाई नको,” रमाकांत सर म्हणाले, बहुधा स्वतःलाच.

दहा हजार. आकडा यायला अर्धा मिनिट लागलं. पंच्याण्णव.

टाळ्या पडल्या. वैदेही तिकडे ओरडली, मग रडली, मग म्हणाली, “सर, पंधरा हजार करून बघू?” सर म्हणाले, “नको, आहे ते बरंय.” मग लगेच म्हणाले, “बरं, कर.” पंधरा हजारला चौऱ्याण्णव आले. सरांनी खिशातून पैसे काढून वडे आणायला माणूस पिटाळला. तसं त्यांनी याआधी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

वडा खाताना प्रिती आईजवळ सरकली. “आई, तू माझ्या निळ्या ड्रेसला हिरवा म्हणतेस ना वर्षभर, मला वाटायचं तू मुद्दाम भांडण काढतेस.”

“मला वाटायचं तूच मला बनवतेस.”

“सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी सुट्टी टाकतेय.”

डॉक्टर हसतमुख होत्या. परळच्याच एका हॉस्पिटलात बसायच्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला आणि म्हणाल्या, “मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. इतक्या हळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“जिनिव्हाहून कळलं,” चंपाताई म्हणाल्या. मग डॉक्टरांना सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि बाहेरचे पेशंट खोळंबले.

पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा चंपाताई पहिल्यांदा भिंतीकडे बघून म्हणाल्या, “रंग काढला का इथे काल?” भिंत तीच होती. त्यांनी डावा डोळा मिटला, भिंत पांढरीशुभ्र. उजवा मिटला, भिंत चहा सांडल्यासारखी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, या आपल्याला डोळे मारतायत. रस्त्यावर आल्यावर तर त्या दर दहा पावलांवर थांबू लागल्या. बसचा लाल, भाजीवाल्याच्या वांग्यांचा जांभळा, प्रितीचा तो ड्रेस.

“निळाच आहे गं,” त्या म्हणाल्या. “माफ कर.”

आठवड्याने कामावर रुजू झाल्या तेव्हा निवृत्तीला बारा दिवस होते. रमाकांत सर म्हणाले, आता आराम करा, फायली लावा. चंपाताईंनी फायली लावल्या नाहीत. गेल्या दोन वर्षांत स्वतः बांधलेल्या सगळ्या पेट्यांची यादी काढली. अकरा निघाल्या, काही संस्थेतच, काही पुण्याला, एक कोलकात्याला. जिथे पेटी बाहेर गेली होती तिथे फोन लावून लोकांना मोजायला लावलं. “रंग नको, मीटर,” हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की वैदेहीने परत आल्यावर ते मोठ्या अक्षरांत छापून टेबलासमोर चिकटवलं. कोलकात्याची पेटी चुकीची निघाली, म्हणजे त्या वेळीही मोजायचं राहूनच गेलं होतं. तिथल्या लोकांना तीन महिने आपलाच डबा खराब वाटत होता. ते चिडले नाहीत, उलट मिठाई पाठवतो म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशी चार वाजता हॉलमध्ये समारंभ होता. शाल आली होती, हार आला होता, कमलाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. सवाचार झाले तरी चंपाताईंचा पत्ता नाही. रमाकांत सर स्वतः बोलवायला तळमजल्यावर गेले.

“चंपाताई, अहो, सगळे थांबलेत.”

“दोन मिनिटं, सर. ही अकरावी.”

सर दारात शाल हातात घेऊन उभे राहिले. मीटरचा आकडा थोडा हलला आणि एकवर स्थिर झाला. चंपाताईंनी तो वहीत लिहिला, झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले, हात पुसले आणि म्हणाल्या, “चला. भाषण फार मोठं नाही ना तुमचं?”